पटाशीची टाच

बापू,

मोबाइलवर पाठवलेला फोटो नातीकडून मोठा करून घेऊन पाहिला. खाटेचा खूर घाटदार झालाय. पण गळ्यापाशी, गोलाई आत वळते तिथे, लाकूड उपटल्यासारखं दिसतंय. तू लिहिलंस, "मामा, पॉलिश पेपर किती मारला, तरी जाऊन नाही राह्यलं." जाणारच नाही. दुखणं लाकडाचं नाही, पटाशीचं आहे.

आपल्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं. तो मान तुला आहेच. पण बोथट पटाशी घेऊन कातायच्या मशीनवर उभा राहिलास तर कान धरायचा हक्कही मामाचाच. आलापल्लीहून चंद्रपूरला यायचं तर तुझा एक दिवस मोडतो, फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून पाठवतो. कागद मशीनजवळ ठेव. तेल-भुसा लागला तरी चालेल.

आधी मशीनखाली काय पडलंय ते बघ. लांब, पातळ, वळलेल्या साली पडल्या असतील तर पटाशी कापतेय. पीठ पडलं असेल तर ती खरवडतेय. तुझ्या फोटोत मागे ढीग दिसतोय तो पिठाचा. खरवडूनही खूर गोल होतो, म्हणून माणूस फसतो. पण खरवडलेल्या लाकडाचे रेशे मुळापासून सैल होतात, पॉलिश पितात आणि तिथे काळे डाग उठतात. गिऱ्हाइकाला कारण कळत नाही. तो एवढंच म्हणतो, "रंग बरोबर नाही बसला जी."

तुझ्या आबाजींकडे मोटर नव्हती. त्यांचा सांगाडा जमिनीला लागून असायचा. दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोराचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि दोराची दोन्ही टोकं धरून एकाने आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरायचं, एकदा मागे. पुढे फिरताना पटाशी टेकवायची, मागे फिरताना केसभर उचलायची. आबाजी खाली बसून पायाच्या अंगठ्याने पटाशी आडव्या दांड्यावर दाबून धरायचे आणि हाताने वळवायचे. दोर ओढायला मी. पठाणपुऱ्याकडच्या जुन्या घराच्या ओसरीत मी तासन्‌तास दोर ओढलाय. पटाशी बोथट झाली की त्यांच्याआधी मला कळायचं, कारण दोर जड व्हायचा. मी म्हणायचो, "बाबा, धार गेली." ते हसायचे आणि दगड काढायचे. आता अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आहे. ती तक्रार करत नाही, म्हणून आजचे पोट्टे बोथट पटाशीवर आख्खा दिवस काढतात.

आता ढाळाकडे ये. पात्याचा टोकाकडचा तिरका घासलेला भाग म्हणजे ढाळ. आयटीआयमधून आलेले बेव्हल म्हणतात, तू काहीही म्हण. ढाळाच्या पुढच्या टोकाला धार आणि मागच्या टोकाला, जिथे तो जाड पोलादाला मिळतो तिथे, टाच. सगळे धारेकडे बघतात. मी सांगतो, तू टाचेकडे बघ. पटाशी टेक्यावर ठेवली की फिरणाऱ्या लाकडाला आधी टाच लागली पाहिजे. टाच नुसती घासते, कापत नाही. मग मूठ हळूहळू उचलायची. टाचेपासून पुढे ढाळ लाकडावर बसत जातो आणि शेवटी धार लागते. त्या क्षणी पहिली साल उठते. ढाळ खाली टेकलेला असतो, म्हणून धार तेवढीच खोल जाते, जेवढी आपण जाऊ देऊ. ढाळ हा पटाशीचा पाट आहे. पाट डगमगला की जेवण सांडलं.

तुझ्या पटाशीच्या ढाळाला पोट आलंय, हे मी न पाहता सांगतो. पोट म्हणजे सपाट किंवा किंचित खोलगट असायला हवा तो भाग मधे फुगलेला. असं का होतं? धार गेली, काम अंगावर आहे, आपण पटकन ग्राइंडर लावतो आणि फक्त टोकाला चटका देतो. पुढच्या वेळी पुन्हा टोकालाच. पाच-सात वेळा असं झालं की टोकाशी एक नवाच, जाडा कोन तयार होतो आणि मागचा ढाळ बेकार पडून राहतो. मग लाकडावर टाच टेकवून मूठ उचलत जा, धार लागतच नाही. आणखी उचलावी लागते. उचलता उचलता ढाळाचा आधार सुटतो आणि पटाशी एकदम आत घुसते. तुझ्या डाव्या अंगठ्यावर पट्टी आहे ना फोटोत? माझ्या अंगठ्यावर त्याच जागी पन्नास वर्षांपूर्वीचा वण आहे.

म्हणून धार लावायची म्हणजे टोक घासायचं नाही. टाचेपासून सुरू करायचं. चाक टाचेला लागू दे, मग मूठ उचलत धारेपर्यंत ये, लाकडावर करतोस तसंच. ठिणग्या धारेच्या वरच्या अंगाला, पात्याच्या पोटातून ओघळल्यासारख्या दिसायला लागल्या की धारेपर्यंत पोचलास. थांब. त्यानंतरचा प्रत्येक घासा फुकट जाणारं पोलाद आहे. मी पहिल्यांदा विजेच्या ग्राइंडरवर पटाशी धरली तेव्हा आबाजी मागे उभे होते. म्हणाले, "गहू दळून राह्यला का रे?" तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की चार वर्षं जाणारी पटाशी मी एका वर्षात संपवत होतो.

चुकतोय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पोरांच्या दप्तरातलं काळं मार्कर पेन घे. आख्खा ढाळ काळा कर, टाचेपासून धारेपर्यंत. ग्राइंडर बंद ठेव. पटाशी टेक्यावर ठेव आणि चाक हाताने एक-दोन फेरे फिरव. आता बघ शाई कुठली गेली. फक्त टाचेजवळची गेली असेल तर मूठ थोडी वर घे. फक्त धारेजवळची गेली असेल तर थोडी खाली. टाचेपासून धारेपर्यंत एकसारखा पट्टा उजळला की टेका तिथेच आवळ आणि मगच वीज सुरू कर. या कामाला मिनिटभर लागतं. मी बहात्तराव्या वर्षीही हे करतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कोन किती ठेवायचा? कोनमापक नको. पोरांच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात, एक ४५ अंशांचा आणि एक ३०-६० चा. तेवढ्यात तुझं काम भागतं. ओबडधोबड ओंडका गोल करायची मोठी गोल पटाशी ४५ वर ठेव. खाचा, कंगोरे, गळे काढायची लहान गोल पटाशी ३५ ते ४० वर. ती जरा लांबट नखासारखी घासायची, म्हणजे अरुंद जागेत शिरते. दोन्ही कडांना खोलगट भाग राहता कामा नये. राहिला तर गळ्यात ती कड अडकते. तुझ्या खुराचं तेच झालंय. तिरकी पटाशी दोन्हीकडून घासलेली असते. तिचं माप डोक्यात ठेवायला सोपं आहे. पात्याच्या जाडीच्या दीडपट लांबीचा ढाळ दोन्ही बाजूंना ठेव, मिळून ४० च्या आसपास अंश होतात. एका बाजूनेच ढाळ असलेल्या पटाशीला जाडीच्या दुप्पट लांबी म्हणजे ३० अंश. हा हिशोब कधी चुकत नाही. नववीच्या भूमितीत त्याचं कारण आहे, पण आबाजी चौथीपर्यंतच शिकलेले होते आणि त्यांच्या पटाशा मोजल्या तर त्याच निघतात.

लहान कोन जास्त धारदार, पण लवकर जातो. मोठा कोन टिकतो, पण जोर मागतो. ह्या दोघांत लाकूड बघून ठरवायचं.

आणि आपलं लाकूड म्हणजे पहिलं सागवान. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, मिरवणूक निघाली, आपल्या जिल्ह्यांना अभिमान वाटला. वाटायलाच हवा. तुझ्या गावाजवळचं वनवैभव, ते सहा हेक्टरांतलं जुनं जंगल, २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं. पण सागवान कातणाऱ्याला विचार. कापायला मऊ, हाताला तेलकट, आणि पटाशीची धार खाण्यात पहिला नंबर. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे रेतीचीच जात. झाड ती जमिनीतून ओढतं आणि लाकडात साठवतं. तू मऊ लाकूड समजून कापत राहतोस आणि धार बारीक रेतीवर घासली जात असते. म्हणून सागाचे चार खूर कातायचे तर मी किमान तीनदा धार ओढतो. हळदूच्या लाकडावर तीच पटाशी त्याच्या दुप्पट चालते. हळदू पिवळंधमक, एकसारख्या रेषेचं. शिकाऊ पोराने हात हळदूवर बसवावा. शिवणही चांगलं, हलकं, फुटत नाही. बिजाचा रंग मात्र हाताला आणि कपड्याला लागतो. धावडा खुरांसाठी घेऊ नको. तो मुठींना ठेव, पटाशीची मूठ धावड्याचीच हवी, आणि शेंबी पितळी नळीची बसव म्हणजे मूठ चिरणार नाही. धावडा, शिसव असं कठीण लाकूड लागलं तर गोल पटाशीचा कोन चार-पाच अंशांनी वाढव. म्हणजे धार दाताने तुटल्यासारखी जात नाही.

मधेच सांगून ठेवतो. कोणी स्वस्तात दांडा आणून दिला तर त्यावर वनखात्याचा शिक्का आणि सोबत वाहतूक परवाना आहे का ते बघ. डेपोच्या लिलावातला तुकडा महाग पडतो, पण रात्री झोप लागते. माझं निम्मं काम आजही सॉ मिलच्या छाटातून निघतं.

आता ग्राइंडर. बाजारातल्या ग्राइंडरला करडं चाक लावून येतं. ते साध्या लोखंडासाठी ठीक आहे, पण पटाशीला तापवतं. पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक घे, ६० किंवा ८० नंबरचं. ते झिजत जातं आणि नवे दाणे वर आणतं, म्हणून कमी तापतं. मोटर दोन जातींच्या मिळतात, मिनिटाला २८८० फेऱ्यांची आणि १४४० ची. मिळाली तर १४४० ची घे. नाही मिळाली तर चालेल, हात हलका ठेव. चाक काचेसारखं चकचकीत झालं की त्यात लोखंडाचे कण बसलेत. ते आता घासत नाही, फक्त तापवतं. ड्रेसर फिरवून त्याचं तोंड पुन्हा खरबरीत आणि सरळ कर. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांची पटाशी निळी पडते ती घाईने नाही, चकचकीत चाकाने.

नवीन चाक लावण्याआधी त्याच्या भोकात काठी घालून लटकव आणि पटाशीच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक कर. चाक कोरडं असताना खणकन वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आत तडा आहे, फेकून दे. सुरू करताना पहिलं मिनिटभर समोर उभा राहू नको, बाजूला राहा. टेका आणि चाक यांच्यात दोन-तीन मिलिमीटरच फट ठेव. जास्त ठेवली तर पटाशी आत ओढली जाते. चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर घासू नको. चष्मा लाव. खांद्यावरचा दुपट्टा खुंटीला टांग, हातमोजे काढ. आणि ग्राइंडर भुशाच्या ढिगापासून लांब मांड. सागाचा कोरडा भुसा आणि ठिणगी यांची गाठ घालायची नाही.

पोलादाचंही सांगायला हवं. आबाजींच्या पटाशा लोहाराने बनवलेल्या, साध्या कार्बन पोलादाच्या. लोहार लाल करून पाण्यात बुडवायचा, मग पुन्हा हलकं तापवायचा. पात्यावर आधी फिकट गवती पिवळा रंग यायचा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. गवती पिवळ्याला तो थांबवायचा. सव्वादोनशे अंशांच्या जवळपास असतो तो रंग. निळा म्हणजे तीनशेकडे गेलं, पाणी उतरलं, आता धार टिकायची नाही. हाच रंग ग्राइंडरवर दोन सेकंदांत येतो. आबाजी गेल्यानंतर त्यांची तिरकी पटाशी मी अशीच निळी केली. पात्याच्या टोकाशी नखाएवढा निळा डाग. कोणाला दिसला नसता, मला दिसला. तेवढा भाग घासून काढावा लागला तेव्हा ती पटाशी एका बोटाने आखूड झाली. म्हणून कार्बन पोलादाला दर दोन घाशांनी पाण्यात बुडव. बोटाला कोमट लागायच्या आत बुडव.

तुझ्या नव्या पटाशा हायस्पीड पोलादाच्या आहेत. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम असतं. त्या पाचशे अंशांवरही पाणी सोडत नाहीत, निळ्या झाल्या तरी घाबरू नको. पण त्यांना तापल्यावर पाण्यात बुडवू नको, धारेला बारीक तडे जातात. हवेत थंड होऊ दे. भंगारातून काही उचलशील तेव्हा कुठलं पोलाद ते ठिणगीवरून ओळख. जुनी कानस चाकाला लावलीस तर पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, प्रत्येकीला फांद्या असतात. हायस्पीडच्या ठिणग्या लालसर, मोजक्या, आणि न फुटता विझतात. पॉवर हॅक्सॉची जुनी पाती पार्टिंगसाठी, म्हणजे लाकूड कापून वेगळं करायच्या पटाशीसाठी, मला फार आवडतात. लालसर ठिणगी देणारं पातं निवड. कानसेची पटाशी मात्र करू नको. कानस फार कडक, ठिसूळ. पाणी न उतरवता तशीच वापरली तर मशीनवर फुटते आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. ट्रकच्या कमानपाट्याची चालते, लोहाराकडून नीट पाजून घेतली तर.

हाताने धरून ग्राइंडरवर कोन सांभाळणं तुला अजून वर्षभर जमणार नाही. मलाही जमलं नव्हतं. त्याला उपाय आहे, आणि पैसे लागत नाहीत. ग्राइंडरच्या खाली, बाकावर, एक फळी सरकवता येईल अशी ठेव आणि तिच्या टोकाला लाकडाचा ठोकळा बसव. त्याला इंग्रजी व्ही सारखी खाच पाड. मोठ्या गोल पटाशीच्या मुठीचं टोक त्या खाचेत ठेव, पातं चाकावर टेकव, आणि डावी-उजवीकडे नुसतं लोळव. मुठीचं टोक हलत नाही, म्हणून कोन बदलत नाही. शाई लावून फळी एकदा बरोबर जागी आण आणि बाकावर पेन्सिलीने रेघ मार, शेजारी पटाशीचं नाव लिही. पुढच्या वेळी रेघेवर आण, झालं. माझ्या बाकावर अशा अकरा रेघा आहेत. दोन कोणत्या पटाशीच्या ते मलाही आठवत नाही. बाजारात असंच लोखंडी साधन हजारोंना मिळतं. घ्यायचं असेल तर घे, काम तेच करतं.

कार्बाइडच्या टिकल्या लावलेली हत्यारंही आता मिळतात. धार गेली की टिकली फिरवायची. कठवतीच्या आतलं पोट खरवडायला ती बरी. पण टिकली खरवडते, सालीसारखं कापत नाही. खुराच्या गळ्यासाठी माझा तिला नकार आहे.

चाकावरून आलेली धार तुला पुरेल. पण तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि तिरक्या पटाशीला चाकाच्या पुढचं काहीतरी लागतंच. म्हणून दगड शीक. चाक गोल असतं, म्हणून चाकाने घासलेला ढाळ मधे किंचित खोलगट होतो. त्याचा फायदा घे. तेलाचा दगड हातात धर, पटाशी टेबलावर दाबून ठेव, आणि दगड ढाळावर टेकव. तो फक्त दोन जागी टेकतो, टाचेला आणि धारेला. बोटांना ते जाणवतं, कुलपाला चावी बसते तसं. तिथे धरून पाच-सहा वेळा पुढे ढकल. मग पटाशीच्या दुसऱ्या अंगाला बोट फिरवून बघ. धारेवर खरखरीत बारीक काटा लागेल. तो दगडाने दुसऱ्या अंगाने सपाट धरून काढ. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवी पॉलिशची वडी चोळून चार ओढ दे, ओढताना धार मागे. एकदा चाकावर घासलेली पटाशी दगडावर चार-पाच वेळा जागी होते, मगच पुन्हा चाक. दगडाला मोहाच्या बियांचं तेल लावणारे आहेत. मी नाही लावत. थंडीत ते गोठतं आणि दगडाची भोकं बुजवतं. पातळ मशीन ऑइल लाव किंवा तेलात थोडं रॉकेल.

स्क्रेपरचं उलटं आहे. त्याचा बारीक काटा काढायचा नाही, तोच तर कापतो. ७०-७५ अंशांचा ठोसर ढाळ ठेव, चाकाला लावून सरळ लाकडावर ने. काटा दोन-चार मिनिटांत संपतो, मग पुन्हा चाक. शिसवाच्या पोळपाटाला शेवटचा हात द्यायला एवढंच.

धार आली की नाही हे अंगठा फिरवून बघू नको, माझ्या अंगठ्याला आता काहीच कळत नाही. पटाशी खिडकीपाशी ने, धार डोळ्यांसमोर धर आणि हळूहळू वळव. धारेवर कुठेही पांढरी चमकणारी रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे धार नाही. उजेडाला बसायला जागा आहे म्हणजे तेवढी सपाटी आहे. खरी धार दिसतच नाही. दुसरी परीक्षा, पटाशी नखावर अलगद टेकव. घसरली तर बोथट, चिकटली तर धारदार. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात खरी, म्हणजे आवाज. मशीनवर टाच टेकवून मूठ उचल आणि कान दे. धारदार पटाशी सळसळते. बोथट पटाशी किरकिर करते, आणि तू जोर लावायला लागतोस. तुला जोर लावावा लागला, तर तुझी चूक नाही, पटाशीची आहे. मशीन बंद कर.

आता मूळ दुखण्यावर औषध. मोठी गोल पटाशी आहे तशीच ठेव. लहानीला शाई लाव, पोट काढ, नखाचा आकार दे, ३५-४० वर आण. गळ्यात काम करताना नेहमी उंचावरून खोलाकडे कापत जा, दोन्ही बाजूंनी येऊन तळाशी भेट. खोलातून वर चढलास तर रेषा उलटी लागते आणि लाकूड उपटतं, मग जगातली कोणतीही धार असो. ज्या खुराचा फोटो पाठवलास, त्याचा गळा दीड-दोन मिलिमीटर आणखी खोल घेतलास तर उपटलेला भाग निघून जाईल. बाकीच्या तीन खुरांनाही तेवढंच घे, नाहीतर खाटेचे चार पाय चार भावांसारखे दिसतील.

तान्हा पोळ्याला दोन महिने राहिलेत. नंदीची चाकं माझ्याकडे दरवर्षी मागतात, या वर्षी माझा हात नाही, तू कर. शिवणाचा लांब दांडा गोल कातून घे आणि पार्टिंगने पुरणपोळीच्या जाडीएवढी चकती-चकती काप. पार्टिंगची धार जाडीच्या बरोबर मधोमध हवी, एका बाजूला सरकली तर चकती तिरकी पडते आणि बैल लंगडतो. लहान पोरांना लंगडा बैल चालत नाही, ती रडतात आणि आया तुझ्याकडे परत येतात.

पहिली दहा चाकं घेऊन ये. सोबत ती आबाजींची आखूड झालेली तिरकी पटाशी पण आण, तुझ्या मायने ती तांदळाच्या कोठीमागे ठेवली होती. तिचा ढाळ मीच काढून देतो.